बैरागढची इटालियन वडी

नागपूर सोडताना माझ्याकडे एक वळकटी, फराळाचा मोठा डबा आणि परतीची दोन तिकिटं होती. दुसरं तिकीट माझ्या लेकीचं, सुमनचं. हे तिला ठाऊक नव्हतं आणि जावयांना तर नव्हतंच नव्हतं.

राजधानी नागपुराहून भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग सचिवालयातले कारकून, म्हणजे आमचे जावई वसंतरावही गेले. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. हिवाळ्यात त्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ रजेवर आले, आमच्याकडे चहाला बसले आणि बशीत फुंकर घालत म्हणाले, "वसंतराव कचेरी सुटली की घरी जात नाहीत हो. सायकल थेट बैरागढकडे!" झालं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तिथेच ओळखलं.

हे म्हणाले, "तू फार संशय घेतेस."

"घेते. म्हणूनच या घरात आजवर पाणचट दूध आलं नाही."

होशंगाबादला नर्मदा लागली. डब्यातल्या सगळ्यांनी पुलावरून पैसा टाकला, मीही टाकला आणि म्हटलं, माते, लेकीला सुखरूप घरी आणू दे. पुढे बुदनीचं सागाचं रान लागलं आणि भोपाळ येईपर्यंत चांगलीच थंडी वाजू लागली.

स्टेशनाबाहेर टांगेवाला म्हणाला, "अम्मा, कां जाओगी?" (कां म्हणजे कुठे. इथले लोक 'ह' गिळूनच टाकतात.) टांगा तलावाच्या कडेने निघाला. तलाव असा अफाट, की पलीकडचा काठ दिसेना. गावाला एवढं पाणी कशाला लागतं, असंच माझ्या मनात आलं. मन एकदा बिघडलं की तलावही निर्दोष वाटत नाही.

जवाहर चौकाजवळ नव्या सरकारी क्वार्टरांची रांग होती. भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. सुमनने दार उघडलं. पोर अर्धी झाली होती.

"काय गं ही दशा?"

"इथलं पाणी मानवलं नाही, आई."

पाण्यावर खापर फोडणं सोपं असतं.

आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही. म्हणून सकाळी उठल्याबरोबर मी शेजारच्या जोशीबाईंकडे जाई. त्याही बदलीवरच आलेल्या. अंघोळ, चहा, दोन घास, सगळं त्यांच्याकडे. घरात पानं मांडली, की मी आपला डबा घेऊन ओट्यावर बसे. सुमनचं तोंड एवढंसं होई. "आई, माझ्या घरचं पाणीसुद्धा नको?" ती विचारी. मी म्हणे, "रीत आहे बाई, मी थोडीच काढली?"

वसंतराव रोज दिवेलागण उलटल्यावर येत. सायकलला पिशवी. पिशवीतला कागदाचा पुडा सुमन लगबगीने आत नेई. तिसऱ्या दिवशी मी कचेरीसमोर टांगा करून दबा धरला. "उस सायकल के पीछे चलो."

टांगेवाला खूष. "क्या चुराया है बाबू ने, अम्मा?"

"मेरी लडकी!"

बैरागढला लांबच लांब बराकी होत्या. आता तिथे सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहत होती. दोऱ्यांवर कपडे, दारात पापड वाळत घातलेले. त्यांच्या पलीकडे एक बेकरी होती आणि वसंतराव तिच्या भट्टीसमोर उभे. मला पाहून ते असे दचकले, की सायकलच आडवी झाली.

"आई, तुम्ही? इथे?"

"हेच मी विचारणार होते."

मेंदीची दाढी असलेल्या बेकरीवाल्या म्हाताऱ्याने मला स्टूल दिलं. "लडाई के जमाने में यहाँ इटली के कैदी रहते थे, बीबी. जाडों में घर याद आता, तो यही बनाते थे. हम उन्हें रोटी पहुँचाते थे, सो सीख लिया." त्याने समोर ठेवलं ते पानफोर्ते. नाव परकं, पण रूप आपल्या जाड थापलेल्या वडीचं. मधात आणि पाकात घट्ट बसलेले बदाम, पाकवलेली संत्र्याची साल, पेठा (म्हणजे साखरेत मुरवलेला कोहळा), दालचिनी, लवंग, मिरं, वरून पिठीसाखर. तळाला कागदासारखी पापडी. तीही खायची म्हणे.

"अंडा?" मी विचारलं.

"नहीं, बीबी."

"चरबी?"

"तौबा!"

"फिर इतना टिकता कैसे है?"

"शहद है. दो महीने रख लो."

वसंतराव मान खाली घालून म्हणाले, "सुमनला आवडतं." आता सांगा, रोज मिठाई आणणारा नवरा कोणता? ज्याच्या हातून रोज काही चूक घडते तोच! माझा संशय दुप्पट झाला.

घरी येऊन मी सुमनला सांगितलं, "कपडे भर. तुझं तिकीट आहे माझ्याजवळ."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "मी नाही येत."

"का?"

"आत्ता नाही सांगता येत."

नवऱ्याकडे बघून उत्तर देणारी ही माझी मुलगी नव्हेच. रात्रभर मी छताकडे बघत पडले.

निघताना तिने एक पत्र्याचा डबा पुढे केला. "बाबांना ने. भोपाळची आठवण."

"इटलीच्या कैद्यांची म्हण!"

"घे ना गं. माझ्या चुलीवरचं नाही, बाजारचं आहे."

"पैसे तुझ्याच घरचे ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून घेतला. पण वळकटीत अगदी तळाशी कोंबला.

वसंतरावांनी गाडीत जागा धरून दिली. शिट्टी झाली तसे ते खिडकीशी आले, कानापर्यंत लाल. "आई, रागावू नका. डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास करू नको म्हटलंय. तिच्या पोटात काही ठरत नाही. सकाळपासून नुसत्या उलट्या. तो एक तुकडा तेवढा राहतो, तोही त्याच दिवशीचा ताजा असला तरच. तिसरा लागलाय. तीन सरल्याशिवाय कुणाला सांगायचं नसतं, असं तुम्हीच तिला शिकवलंय म्हणे."

गाडी हलली. मला त्यांना धड आशीर्वादही देता आला नाही.

गावभर संशय घेत फिरले आणि जो घ्यायचा तो एकच घेतला नाही! एकदा तरी पंक्तीला बसले असते, तर पोरीचं तसंच भरलेलं राहिलेलं पान दिसलं असतं. सकाळी घरात थांबले असते, तर मोरीतला आवाज ऐकू आला असता. रीत सांभाळली आणि लेक नजरेआड केली. सगळ्या डब्यासमोर मी पदर तोंडाला लावून रडले.

नर्मदेच्या पुलावर मी पैशाऐवजी सुमनचं तिकीट सोडलं. मग वळकटी उपसून डबा काढला. पानफोर्ते दाताला चिवट लागतं, मग बदाम कुरकुरतो आणि शेवटी मिरं घशाशी येतं. थेट बाळंतिणीच्या खुराकासारखं. तळाची पापडीसुद्धा सोडली नाही.

घरी ह्यांनी दारातच विचारलं, "सुमन कुठाय?"

मी एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "लेकीने दिलंय. खा."

हे मागे सरले. "अगं, लेकीकडचं? आपल्याला कुठे चालतं?"

तीन महिने सरायचे होते, म्हणून मी सांगितलं काहीच नाही. एवढंच म्हणाले, "चालतं आता."

हे खुर्चीवर बसले आणि तो तुकडा कितीतरी वेळ चावत राहिले.