शेरेबुकातील एक वाक्य

लोणावळ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवीत असे. त्यामुळे गावात कोणी गोरा प्रवासी उतरला, की दुभाषाचे काम आपोआप माझ्याकडे येई. साठ साल उलटून दोनतीन वर्षे झाली असतील. भुशीच्या रस्त्याला एक जुना विश्रामबंगला होता. तेथील खानसामा जवळच्याच औंढे गावचे. वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना आबा म्हणत. साहेबांच्या काळात एका मडमेने त्यांना विलायती न्याहारी शिकवली होती, आणि तो पाठ त्यांनी काना-मात्रेचाही फरक न करता जपला होता.

आता येणाऱ्या पाहुण्यांना मात्र कांदेपोहे हवे असत. नव्या व्यवस्थापकांनी निकाल लावण्याची रीत ठरवली: येता इंग्रज पाहुणा शेरेबुकात न्याहारीविषयी अनुकूल लिहील तर आबांनी राहावे, अन्यथा घरी जावे. आबांनीच मला हे सांगितले. "मास्तर, शेत भावाकडं हाय. तितं माझं ताट न्हाई."

पाहुणा आला तो कार्ल्याची लेणी पाहायला. पहिल्या सकाळी आबांनी ओटची लापशी, दोन अंडी, तळलेला टोमॅटो आणि टोस्ट मांडले. टोस्ट तारेच्या घोडीत उभे करून पुरते गार होईपर्यंत खिडकीत ठेवायचे, हा मडमेचा नियम.

पाहुण्याने टोस्टला बोट लावून पाहिले आणि तो शांतपणे म्हणाला, "हा चुकवावा म्हणून मी समुद्र ओलांडला, तर हा माझ्या आधी येऊन बसला आहे."

मग त्याने आपली मते क्रमाने मांडली. त्याचे देशबांधव कोबी गुन्हा कबूल करीपर्यंत उकळतात. लापशी भिंतीला कागद चिकटवण्याच्या योग्यतेची करतात. अंड्याबद्दल तेवढी त्याची तक्रार नव्हती. ते कोंबडीने केलेले असते.

दाराआड आबा उभे होते. "काय म्हनला?"

"म्हणाला, थेट घरची आठवण झाली."

सारांश म्हणून हे भाषांतर निर्दोष होते. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की दुसऱ्या दिवशी आबांनी आदल्या रात्रीचा उकडलेला कोबीही तळून वाढला.

तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातून लसणीच्या ठेच्याचा वास आला. तो कशाचा, असे पाहुण्याने विचारले. ती आबांची स्वतःची न्याहारी होती. थोडी चाखायला मिळेल का, हा प्रश्न मी आत पोहोचवला, तेव्हा आबांचा चेहरा उतरला. "आमचं खानं त्याला वाढू? मंग शेऱ्यात काय लिवंल?"

निघताना पाहुण्याने शेरेबुकात एकच वाक्य लिहिले. व्यवस्थापकांनी ते मला मराठीत वाचायला लावले. "येथील न्याहारी तंतोतंत माझ्या मायदेशातल्यासारखी आहे."

वाक्याचा अर्थ वाक्यातच शोधावा, असे मी वर्गात सांगत असे. या वाक्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या भुवईत होता, आणि भुवई कागदावर उतरली नव्हती. मी फक्त शब्दांचे भाषांतर केले. व्यवस्थापक प्रसन्न झाले, आबा राहतील असे म्हणाले आणि शेरेबुक कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावले.

आबा आत गेले आणि फडक्यात बांधलेली भाकरी व ठेचा घेऊन आले. "वाटंत खा म्हनावं. आता भ्या न्हाई."

पाहुण्याने वाट पाहिली नाही. टांगा येईपर्यंत पायरीवर बसून, डोळ्यांतले पाणी पुशीत, त्याने ती सगळी संपवली. नंतर बोटे पुसून शेरेबुक पुन्हा मागितले. आधीचे वाक्य कोणी स्तुती समजू नये, एवढे त्याला जोडायचे होते. शिवाय खऱ्या न्याहारीविषयी दोन ओळी लिहायच्या होत्या.

मी त्याला सांगितले, की कपाटाला कुलूप आहे. विधान खरे होते. किल्ली व्यवस्थापकांच्या खिशात आहे आणि व्यवस्थापक चार पावलांवर उभे आहेत, एवढा तपशील मी गाळला.