शेऱ्याच्या रकान्यातली कादंबरी

बस आगारात वेळापत्रकाच्या टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे 'साहित्यिक' म्हणत. त्यांची एक ओळही कुठे छापून आली नव्हती. पण आपण कादंबरी लिहिणार, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की लोकांनी पदवी आगाऊच देऊन टाकली. त्यातली चेष्टा साहित्यिकांना कधी कळली नाही. ते मान डोलावून ती पदवी स्वीकारत.

स्वयंपाकघर सोडलं तर घरात दोनच खोल्या. उजेडाच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं आणि निम्मं घर त्यावर चालत होतं. साहित्यिकांनी नेमकी तीच खोली मागितली.

"एक वर्ष देते," बायको म्हणाली. "पुस्तक झालं तर खोली कायमची तुमची. नाही झालं तर मशीन परत येणार, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मशीन स्वयंपाकघराकडच्या अंधाऱ्या बोळकांडीत गेलं.

साहित्यिक कामाला लागले, म्हणजे तक्ता आखायला. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोज सकाळी सहा ते आठ, दोन पानं, रविवारी तीन. लाल शाईने उद्दिष्ट, निळ्या शाईने प्रगती आणि शेवटी शेऱ्याचा ऐसपैस रकाना. आगाराचा रिवाजच होता तो. बस सुटली नाही तर शेऱ्यात कारण लिहायचं. कारण लिहिलं की फेरी माफ, कुणी जाब विचारत नाही. हा रिवाज त्यांनी जसाच्या तसा घरी आणला आणि तिथेच घात झाला.

पहिल्या आठवड्यात अकरा पानं झाली. मग एका सकाळी 'पेन अडकत होते' असा शेरा पडला. तो लिहून उठताना त्यांना दोन पानं लिहिल्याइतकंच हलकं वाटलं. झालं, शेरे फुलू लागले. 'नायिकेच्या नावाबाबत मन साशंक.' 'ढगाळ हवा, चित्त उदास.' मान अवघडल्यावर तर त्यांनी पाऊण पान खर्ची घातलं. दर महिन्याला नवा तक्ता, राहिलेली पानं पुढे ढकललेली. अकराव्या महिन्यात रोजचं उद्दिष्ट तेवीस पानांवर गेलं. हा आकडा ते आगारात छाती फुगवून सांगत.

वर्ष भरलं त्या सकाळी बायको समोर येऊन बसली. "वाचा."

कादंबरी एकोणीस पानांची निघाली. नायक अजून अंथरुणातून उठायचा होता.

"पण एकही दिवस मी विनाकारण चुकवलेला नाही," म्हणत साहित्यिकांनी तक्त्यांची वही पुढे केली.

तिने ती शांतपणे चाळली. "काय सुरेख लिहिता हो," ती म्हणाली. साहित्यिकांचा चेहरा खुलला. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"'मशीनच्या आवाजाने एकाग्रता भंगली.' हे एकतीस वेळा आहे. अहो, सहा ते आठ मशीन बंद असायचं. वर्षभर! तुमची तंद्री मोडू नये म्हणून त्या अंधारात मी हाताने टाके घालत बसायचे. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली त्यापायी. आवाज आला कुठून?"

साहित्यिकांनी वही मिटली.

"धरा," ती म्हणाली.

दोघांनी मशीन उचललं. लोखंडी पायांचं ते धूड खोलीच्या दारापर्यंत आणताना साहित्यिकांना घाम फुटला, दोनदा खाली टेकवावं लागलं. धापा टाकताना त्यांच्या मनात आलं, गेल्या वर्षी हे बोळकांडीत नेलं कुणी? आपण तर तेव्हा तक्ता आखत बसलो होतो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.