तिसऱ्या बाकावरची गैरहजर

सहावीत मी नव्या शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी माझा आवाज गेला. घरी तो शाबूत होता. धाकट्या भावावर ओरडले तर शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहायच्या. पण वर्गात हजेरी सुरू झाली की संपलं. माझा नंबर तेवीस. अठरा आला की तळहातांना घाम, आणि तेवीस ऐकलं की घसा बंद. पहिल्या दिवशी "येस मॅडम" म्हणायला गेले तर पिपाणीसारखं काहीतरी निघालं होतं आणि मागच्या दोघी हसल्या होत्या. तेव्हापासून हे असं.

मॅडम मान खाली घालून हजेरी घ्यायच्या. उत्तर आलं नाही की गैरहजर. मी तिसऱ्या बाकावर बसून स्वतःची गैरहजेरी लागताना मुकाट्यानं बघायची.

गैरहजर मुलांच्या घरी मेसेज जातो, हे मला कुठं ठाऊक? अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शुक्रवार पेठेत शेंगाचटणीचं छोटं दुकान. पहिला मेसेज आला तेव्हा त्यांना वाटलं, शाळेचीच चूक असणार. सकाळी आपणच तर पोरीला गेटपाशी सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला. कुटत असलेली चटणी तशीच टाकून त्यांनी स्कूटर थेट शाळेवर आणली.

वर्गाच्या दारात ते धापा टाकत उभे राहिले. मला बघितलं आणि ओरडलेच, "अगं, तू हितंच हाय की!"

सगळा वर्ग हसला. त्यांच्या अंगावरच्या तिखटानं पहिल्या बाकावरच्या दोघींना शिंका सुटल्या, मग तर विचारायलाच नको.

"मग ही हजेरीला बोलत का नाही?" मॅडमनी विचारलं. मी रडले. अप्पांनी विनंती केली आणि मॅडमनी मला त्यांच्यासोबत सोडलं.

वाटेत एका कडुलिंबाच्या झाडाखाली त्यांनी स्कूटर थांबवली. "कोन काय बोललं का तुला?"

"नाही. आवाजच येत नाही, अप्पा. इथं अडकतो."

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. मग म्हणाले, "माझा बी अडकायचा. तुझ्या आईला बघायला गेलो, तिच्या वडलांनी नाव विचारलं. तोंडच उघडंना. शेवटी माझ्या दादानं सांगितलं."

"मग?"

"मग काय! तुझ्या आईला वाटलं, पोरगा मुका हाय. पर डोळे चांगले हायत, म्हणून हो म्हनाली." हसता हसता त्यांनी डोळे पुसले, तेही तिखटाच्या हातानं. पुढची दहा मिनिटं मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या त्या चांगल्या डोळ्यांवर ओतत होते.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमना भेटायला आले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. घरातून निघताना काय बोलायचं ते चारदा पुटपुटले होते. मॅडमसमोर मात्र त्यांचे कान लाल झाले आणि शब्द फुटेना. मी त्यांचं बोट धरलं. कुणी कुणाला धीर दिला कोण जाणे.

"तिचा आवाज येईल," ते शेवटी म्हणाले. "जरा वेळ लागंल. तवर तिनं हात वर केला तर चालंल का?"

मॅडमही त्या वर्षी शाळेत नव्याच होत्या. "चालेल की," त्या म्हणाल्या. त्यानंतर तेवीस म्हणताना त्या मान वर करायच्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. मॅडम कसल्या तरी घाईत होत्या, मान वर करायला विसरल्या. "तेवीस... तेवीस?" पेन रजिस्टरवर टेकलं. माझा हात दुखायला लागला.

"मॅडम, हात वर आहे की!"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या, मीही हसले. माझा आवाज आलाय हे मला जरा उशिरानंच कळलं.

दुसऱ्या दिवशी घसा पुन्हा बंद! मग कधी आवाज, कधी हात, असं वर्ष गेलं. मॅडमनी एकदाही विचारलं नाही की काल बोललीस, मग आज काय झालं. आता मी कॉलेजात आहे. अनोळखी माणसांसमोर अजूनही घसा बंद होतो. मग हात वर करून समोरच्याला थांबायची खूण करते. बहुतेक लोक थांबतात.