गोवर्धनची कावीळ

गोवर्धन आमच्या आवारातल्या मागच्या खोलीत राहायला आला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. साल १९७७ असावं. आमची थोरली मुलगी तेव्हा नुकती चालू लागली होती, त्यावरून सांगतो. चुकत असेन तर एखाद्या वर्षाने.

आवार आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. पुढे मदाम क्लेमांसचं लाकडी घर, मागे पत्र्याच्या दोन खोल्या, मधे नळ आणि लिचीचं झाड. एका खोलीत मी आणि माझी बायको हिरा, दुसरीत गोवर्धन. मदाम क्लेमांस क्रिओल होती, म्हणजे बेटावरच्या आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती लोकांतली, विधवा, पन्नाशीच्या पुढची. शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवून आणि आमच्या भाड्यावर तिचं चालायचं. तिचा भाचा रेमों बंदरावरच्या एका जहाज कंपनीत शिपाई होता. त्याच कचेरीत गोवर्धन कारकून म्हणून लागला होता, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर परत गावी, ग्रां बुआला, वडिलांबरोबर उसात.

मुलगा चांगला होता. पण आईच्या हाताखालून थेट एकट्याच्या खोलीत आलेला. पहिल्याच आठवड्यात त्याने स्टोव्हवर भात असा जाळला की पातेल्याचं बूड गेलं. कोणाला दिसू नये म्हणून त्याने ते पातेलं झाडामागे पुरलं. मदामच्या कोंबड्यांनी चार दिवसांत ते उकरून काढलं. मग त्याने बाजारातून बूट आणले, ते एक नंबर लहान निघाले. बदलून आण म्हटलं तर म्हणाला, "दादा, दुकानदाराने विचारलं होतं, नीट बसतात ना? मी हो म्हणून बसलो." दोन महिने लंगडत कचेरीत गेला. जानेवारीच्या उकाड्यात एकदा त्याला स्वेटर घालून निघालेला पाहिलं तेव्हा हिराने खोदून खोदून विचारलं. सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीचा काळा डाग पडला होता.

कोणाकडे काही मागणं त्याला जमत नसे. मदाम क्लेमांसच्या हे आमच्या आधी लक्षात आलं. तिने त्याला कधी विचारलंच नाही. संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती "मो गार्सों" अशी हाक मारायची, म्हणजे "माझ्या पोरा", आणि तो गेला की पुढ्यात ताट ठेवायची. घरात गोमांस शिजलं तर त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी मसूर लावायची. तो ताट पुसून खायचा. शनिवारी घरी गेला की आईला मात्र सांगायचा, मी माझं करून खातो.

त्याची बहीण सत्यवती, त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी. तिचं लग्न शमें ग्रेनिए गावातल्या एका घरात ठरलं. एकुलता एक भाऊ, त्याच्याशिवाय चालणार कसं? शनिवारी हळद, रविवारी लग्नात नवऱ्याचा कान पिळायला भाऊच हवा, आणि मग तिला सासरी पोचवून एक दिवस तिथे राहायलाही तोच. म्हणजे कचेरीचे तीन दिवस बुडणार. बोलीच्या सहा महिन्यांत रजा नाही, असं त्याला लागतानाच सांगितलं होतं. पण बहिणीच्या लग्नाला कोणता साहेब नाही म्हणेल? मी त्याला हेच सांगितलं. तो रोज विचारायचं ठरवून जायचा आणि साहेबाच्या दारापर्यंत जाऊन परत यायचा. शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने मदामच्या घरी जाऊन रेमोंला निरोप दिला की मला बरं वाटत नाही, आईकडे जातो, साहेबांना सांग. मदाम तिथेच मशीनवर बसली होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि वाटेत प्यायला बाटलीत लिंबाचं पाणी भरून दिलं.

मंगळवारी संध्याकाळी तो परत आला. हळदीला पोरींनी भावाला सोडलं नव्हतं. तोंड, मान, कान, कोपरापर्यंत हात, सगळं पिवळं. धुण्याच्या साबणाने घासघासून त्याने ते फिकट केलं होतं, आणि फिकट झाल्यामुळेच ते हळदीसारखं न दिसता आजाऱ्यासारखं दिसत होतं. त्यात तीन रात्रींची जागरणं, डोळे खोल गेलेले.

मदामला हळद ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या करीत ती रोज पडायची, आणि हिंदूंच्या लग्नात हळद लावतात हेही तिला ठाऊक होतं. पण तिचा नवरा यकृताच्या दुखण्याने असाच पिवळा पडून गेला होता. मुलगा आजारी म्हणून गेला आणि पिवळा होऊन आला, एवढंच तिने पाहिलं. नळाजवळ त्याची हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "लाझोनिस?" म्हणजे कावीळ झाली का?

शेजारी रेमों उभा होता. नाही म्हणावं तर मग काय आहे ते सांगावं लागणार, आणि ते उद्या कचेरीत पोचणार. गोवर्धन म्हणाला, हो.

हिरा धुणं पिळत होती. ती पदर तोंडाला लावून घरात आली आणि बसून हसली. मग तो आमच्या दारावरून जाताना म्हणाली, "काय भावजी, ही कावीळ आमच्याकडे लग्नसराईतच येते बघा." तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, हळू."

दुसऱ्या दिवशी रेमोंने कचेरीत सांगितलं. साहेबाने आठवडाभर घरी राहायला सांगितलं, पगार न कापता, वर नासपतीचा एक डबा पाठवला. गोवर्धन तो डबा हातात घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसला होता. म्हणाला, "दादा, हा माणूस रजा देणारच होता."

मग पथ्य सुरू झालं. मदाम त्याला तेल, मिरची, मासळी काही देईना. पालेभाजी नुसती पाण्यात उकडलेली, मऊ भात आणि तासातासाला साखरेचं पाणी. तो अंगणात आला की हिरा दारात उभी राहून हळूच विचारायची, "लोणच्याची फोड देऊ का? पण नको, तुमचं पथ्य आहे ना." आणि मग द्यायचीच, वाटीत झाकून. इथवर आम्हालाही ती गंमतच वाटत होती.

एका सकाळी हिरा मदामकडे सुई मागायला गेली आणि गंभीर होऊन आली. मदाम कोरा चहा पीत होती, बिनसाखरेचा. तिला चहात तीन चमचे साखर लागायची, सगळ्या आवाराला माहीत होतं. हिराने विचारल्यावर तिने सांगितलं की तिने नवस बोलला आहे. काविळीत साखर रोग्याच्या अंगी लागावी लागते. डॉक्टर त्याचे डोळे स्वच्छ झाले म्हणेपर्यंत ती साखरेला शिवणार नाही. तिच्या वाटची साखर देवाने त्याला लावावी.

हिरा तशीच गोवर्धनच्या खोलीत गेली. तिचा आवाज मला ऐकू येत होता. ती म्हणाली, "आता पुरे. जा आणि सांगा. ती बाई तुमच्यासाठी कडू पिते आहे."

तो म्हणाला, सांगतो. रोज सांगतो म्हणायचा. एकदा मी त्याला खोलीत भिंतीकडे तोंड करून वाक्यं पाठ करताना पाहिलं. मग तो मदामच्या स्वयंपाकघरात जायचा आणि ताट संपवून परत यायचा. त्याचा रंग केव्हाच उतरला होता, तो कामावरही जाऊ लागला होता. पण मदाम डॉक्टरच्या शब्दासाठी अडून बसली होती. चल, मी दवाखान्यात घेऊन जाते, म्हणायची. आज काम आहे, आज गर्दी असेल, असं करत तो टाळायचा. तो टाळायचा तितके दिवस तिचा चहा कोरा राहायचा. शेवटी तिची सुटका व्हावी म्हणून त्याने एक गोष्ट केली, आणि ती सरळ करायची सोडून पुन्हा वाकडीच केली. एका संध्याकाळी येऊन तो म्हणाला, दवाखान्यात जाऊन आलो, डॉक्टर म्हणाले बरा झालास.

मदामने त्याला कवटाळलं. पण साखर लगेच घेईना. म्हणाली, आधी रविवारी सेंत क्रुआला जाऊ, समाधीवर मेणबत्ती लावू, मग.

सेंत क्रुआची समाधी एका पाद्र्याची, पण तिथे आम्ही सगळेच जातो, हिंदू, मुसलमान, चिनी. मदाम आम्हालाही चला म्हणाली. मी मुलीला खांद्यावर घेतलं. मदामने काळे चामड्याचे बूट घातले होते, ते समाधीच्या अंगणाबाहेर काढले आणि आत अनवाणी गेली. मेणबत्ती तिने गोवर्धनच्या हातात दिली. त्याने ती लावली. मदाम गुडघ्यांवर बसून बराच वेळ ओठ हलवत होती. तो मागे उभा राहून तिच्या तळव्यांकडे बघत होता.

बाहेर रस्त्यावर एक बाई चहा आणि डाळीचे तिखट वडे विकायची. मदामने सगळ्यांना चहा सांगितला. स्वतःच्या पेल्यात तिने साखर घातली, एक, दोन, तीन चमचे, ढवळली, आणि पेला गोवर्धनपुढे धरला. म्हणाली, पहिला घोट तुझा, बरा तू झालास.

त्याने पेला घेतला. प्यायला नाही.

"मदाम, मी आजारी नव्हतो."

"आता नाहीस. देवाची कृपा."

"कधीच नव्हतो. माझ्या बहिणीचं लग्न होतं. ती हळद होती."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने हिराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हिराने मान खाली घातली. मी मुलीची टोपी सारखी करू लागलो. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, हे तिला तेवढ्यात समजलं.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "सत्यवतीचं लग्न?"

"हो."

"नीट पार पडलं?"

"हो."

"पाऊस नाही ना आला?"

"नाही."

"मी तुला दर आठवड्याला विचारत होते, कधी आहे म्हणून. तू म्हणायचास, ठरलं नाही अजून. मला बोलावलं नाहीस."

त्याचं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. ते त्याने मला दुपारी सांगितलं. मदाम मांडवात आली असती तर आईजवळ बसली असती, आणि पोराला रोज काय जेवू घालते ते कौतुकाने सांगितलं असतं. मग भावकीत कोणी विचारलं असतं, हा क्रिओल बाईच्या हातचं रोज खातो का? त्या एका प्रश्नाच्या भीतीने त्याने तिला लग्नाचा दिवसच कळू दिला नव्हता. साहेबाची भीती नंतरची.

मदामने त्याच्या हातातला पेला परत घेतला आणि विकणारीच्या फळीवर ठेवला. आमचे चहा संपेपर्यंत ती उभी राहिली. बसमध्ये पुढे एकटी बसली.

पुढचे काही आठवडे गोवर्धन कचेरीत बोलावणं येण्याची वाट बघत होता. आलं नाही. मदामने रेमोंला काही सांगितलं नव्हतं. सहा महिने भरले आणि तो कायम झाला. ते सांगायला तो आमच्याकडे आला तेव्हा आनंदाच्या बातमीला आलेल्या माणसासारखा दिसत नव्हता.

त्याआधीच एका शनिवारी घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं होतं, जेवणासकट. आई कुसुमावती दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने त्याच्याबरोबर आली. लहानखुरी बाई, हातात लाडवांचा डबा आणि काखेत नवी साडी. आमच्याकडे पाणीसुद्धा न पिता ती थेट पुढच्या घरात गेली. मदामचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाई, बोलावणं आमचं राहिलं. पोराचं नाही, माझं. मी विचारायला हवं होतं, हा जेवतो कुठे म्हणून." मदामने तिला मिठी मारली. मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मदामने चहा केला, दोघींच्या कपात साखर घातली, लग्नात काय काय केलं ते इत्थंभूत विचारलं. साडी खांद्यावर टाकून हिराला दाखवली. पुरलेल्या पातेल्याची गोष्ट सांगून दोघी इतक्या हसल्या की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

तेवढ्यात गोवर्धन नळावरून पाण्याची बादली भरून दारात आला. मदाम उठली. तिने त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, हाताने पुसली.

"या मिस्ये गोवर्धन," ती म्हणाली. "बसा. तुम्ही चहा घेणार का?"

आईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. शहरात पोरालाही मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणत असतील. हिराच्या हातातली साडी मात्र तशीच राहिली. गोवर्धन बादली खाली ठेवून दारातच उभा राहिला, नको म्हणाला आणि मागे निघून गेला.

सेंत क्रुआहून आल्यापासून ती त्याच्याशी असंच बोलत होती. ताट पूर्वीसारखंच मिळायचं, पण आता झाकून त्याच्या खोलीच्या पायरीवर ठेवलेलं असायचं. कधी उणा शब्द नाही. भाडं घेताना आभार मानायची. तो वाटेत आला तर बाजूला व्हायची. हिरा त्याला सांगायची, म्हणेल हो एक दिवस पुन्हा, वेळ जाऊ द्या. तो मान हलवायचा.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही ते आवार सोडलं. मी सामान गाडीत चढवत होतो तेव्हा मदाम आमच्या मुलीला मांडीवर घेऊन रडत होती. गोवर्धन आमचं कपाट उचलू लागला होता. "सांभाळा हं," ती त्याला म्हणाली, "तुमच्या पाठीला लागेल."