अंबाडी आणि पुंटिकूर

निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच नागनाथ वाघमारे गुरुजींना घर खायला उठलं. तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं होतं. त्यांची पुतणी प्रतिभा हैदराबादला सॉफ्टवेअरचं काम करायची. फावल्या वेळात ती आणि तिची विजयवाड्याची मैत्रीण मिळून फोनसाठी भाज्यांचा मराठी-तेलुगू कोश तयार करत होत्या. सुट्टीत घरी आल्यावर तिनं यादी दाखवली, तर गुरुजींनी चहा संपायच्या आत अकरा चुका काढल्या.

"मंग तुमीच दुरुस्त करा ना, काकाजी," ती म्हणाली आणि जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून तिनं त्यांना गिट, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, शिकवलं. बदल केला की अ‍ॅड, मग काय केलं ते लिहून कमिट, शेवटी पुश. म्हणजे आपलं काम सगळ्यांच्या यादीत जातं. गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतलं. पहिल्या कमिटच्या संदेशात त्यांनी लिहिलं, 'जय भीम. सविनय कळविण्यात येते की, दोडक्याचे स्पेलिंग दुरुस्त केले आहे.' प्रतिभा हसून हसून पलंगावर आडवी झाली.

ती परत गेली आणि चौथ्या दिवशी गुरुजींच्या हातून अख्खी यादीच पुसली गेली. त्यांनी फोन लावला. प्रतिभानं शांतपणे त्यांच्याकडून एक ओळ टाइप करून घेतली. रिस्टोअर. यादी जशीच्या तशी परत आली.

मग गुरुजींनी ती मुद्दाम पुसली आणि परत आणली. पत्नी रुख्मिणीबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून पुन्हा तेच करून दाखवलं. शेजारचे दुकानदार चंपतराव गिऱ्हाईक सोडून आले, त्यांच्यासाठी आणखी दोनदा.

"गुरुजी, पुसून काऊन राह्यले तुमी?" चंपतरावांनी विचारलं.

"परत येते म्हणून," गुरुजी म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मात्र पुश होईना. मधल्या काळात विजयवाड्याच्या मैत्रिणीनंही बदल पाठवले होते, म्हणून आधी पुल करून ते आपल्या लॅपटॉपवर ओढून घ्यावे लागले. तेव्हा गिटनं एका ओळीवर हात टेकले. अंबाडीपुढे तिनं तेलुगूत गोंगूरा लिहिलं होतं, गुरुजींनी पुंटिकूर. कोणतं ठेवायचं, ते माणसानं ठरवायचं होतं. आपल्या बाजारात गोंगूरा कोणी म्हणत नाही, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. पण विजयवाड्याच्या बाजारात ते कधी गेले नव्हते. त्यांनी दोन्ही शब्द ठेवले, कमिट केलं, पुश केलं. या वेळी गेलं.

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. तिनं मोडक्या मराठीत आभार मानले आणि पुंटिकूर हा शब्द तीनदा म्हणवून घेतला. गुरुजी अंगणात फोन कानाला लावून गोल गोल फिरत होते.

एवढ्यात रुख्मिणीबाई लॅपटॉपसमोर येऊन बसल्या. यादीत चिवळीची भाजीच नव्हती. त्यांनी गुरुजींची वही उघडली, एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि कोणाला न विचारता पुश करून टाकलं.


गुरुजी आत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या पोरीले सांगा, पयले पुल कर. म्या बदल केला."