अंगावरच्या चार बॅटऱ्या

लेन्स पुसायचा फडका तो साबणाशिवाय धुवायचा आणि बुखारीच्या शेगडीजवळ कधी वाळवायचा नाही, राखेचे कण बसतात म्हणून. चहाचा तिसरा पेला संपला की पेल्यावर तळहात ठेवायचा. चौथा त्याला कुणी पाजू शकलं नाही. डोंगराकडे बघताना बोलायचा नाही. बोलायचंच असेल तर बघणं थांबवायचा. चिकटपट्टीचा गुंडा बाळगायचा नाही, पेन्सिलीच्या तुकड्याला हातभर पट्टी गुंडाळून ठेवायचा. कुणाचीही बॅग दिसली की तिच्या चेनी न विचारता एका बाजूला ओढून ठेवायचा.

आणि नोव्हेंबर ते मार्च कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या गोंच्याच्या, म्हणजे आमच्या लांब लोकरी अंगरख्याच्या आत, छातीशी. आमच्याकडच्या थंडीत उघड्यावरची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. त्याची बायको यांगडोल अचे म्हणायची, लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हिवाळ्यात हा माणूस माझ्या वाट्याला आला नाही, बॅटऱ्यांच्याच वाट्याला गेला.

गुरमेत अचो गेला त्याला आज अकरा दिवस झाले. तो बेचाळीस वर्षांचा होता. मी चोवीसची. मी त्याला अचो, मोठा भाऊ म्हणायची, त्याच्या बायकोला अचे, मोठी बहीण. तो मला नोमो, धाकटी बहीण. लेहमध्ये आमची घरं शेजारी. दोन्ही घरं एकाच फसपुनातली, म्हणजे जन्म असो की मरण, एकमेकांच्या घरी राबायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. त्यामुळे हे अकरा दिवस मी त्याच्याच घरात आहे. चहा करते, भांडी घासते, येणाऱ्यांना बसायला देते. त्याच्या खुंटीवर त्याचा गोंचा अजून आहे. तो तिथून कुणी काढावा हे ठरलेलं नाही.

दोन्ही घरांचं मूळ गाव वर डोंगरात, सात घरांचं; तो तिथेच वाढला. आठवीपर्यंत शिकला, मग मेंढ्या राखल्या. मेंढ्या राखणाऱ्याला हिमबिबट्या दिसायलाच लागतो. नाही दिसला तर मेंढी जाते. त्या नजरेवर त्याचं पोट चाललं. हिवाळ्यात बाहेरून चित्रीकरणवाले यायचे. हा आधी त्यांचं सामान उचलायचा, मग त्यांना बिबट्या शोधून द्यायला लागला. समोरच्या कड्यावर सगळ्यांना फक्त दगड दिसत. हा म्हणायचा, तिसऱ्या दगडाला शेपूट आहे. सतरा हिवाळे त्याने दगडांना शेपट्या शोधून दिल्या. चित्रपट संपला की नावं येतात, त्यांत तळाशी कुठेतरी ‘स्थानिक मदत’ असं येई आणि खाली तीन-चार नावं. कधी त्याचं असे, कधी नसे.

कॅमेरा त्याच्याकडे आला तो वजनामुळे. एका पथकाचं सामान परत जाताना जड झालं. त्यांनी एक जुना कॅमेरा आणि एक मोठी लेन्स स्वस्तात मागे सोडली. त्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आता बाजारात मिळत नाहीत. त्याच्याकडे सहा होत्या. दरवर्षी माझ्या मदतीने तो कुठे सातवी मिळते का शोधायचा.

मी साहित्यात एम. ए. केल्याचा त्याला झालेला उपयोग एवढाच, की पत्रं मी लिहायची. गेल्या ऑक्टोबरात मी एक पत्र लिहिलं. दिल्लीतली एक संस्था डोंगरातल्या प्राण्यांवर दोन वर्षं चित्रण करणार होती. त्यांना इथलाच कॅमेरामन हवा होता. मदतनीस नव्हे, कॅमेरामन. मी त्याने घेतलेली अकरा मिनिटं पाठवली. एक मादी आणि तिचं पिल्लू, वाऱ्यात. उत्तर आलं: एकवीस जानेवारीला दुपारी तीनला या, स्वतःचा कॅमेरा आणा, आमच्यासमोर थोडं चित्रण करून दाखवा. आणखी चौघांना बोलावलं आहे.

ते पत्र मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, “कॅमेरामन असंच लिहिलंय ना? बघ नीट.”

जानेवारीत रस्ते बंद. विमानाशिवाय वाट नाही. माझी दिल्लीत परीक्षा होती, म्हणून आम्ही एकाच विमानाची तिकिटं काढली.

विमानतळाच्या तपासणीत कॅमेरे कसे न्यायचे हे लेहमध्ये त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चाळीस तरी पथकं त्याने फाटकापर्यंत पोचवली असतील. कुलपं नकोत. चेनी एका बाजूला. बॅटऱ्या कॅमेऱ्यातून काढा, टोकांना चिकटपट्टी लावा, वेगळ्या पिशवीत घाला. मोठी लेन्स स्वतःच बाहेर काढून ठेवा, त्यांनी सांगायची वाट बघू नका. मोठमोठे लोक त्याचं ऐकून फाटकावर ओळीने बॅगा उघडत बसायचे. पण फाटकाच्या आत तो कॅमेरा घेऊन कधी गेला नव्हता. विमानात बसला होता एकदाच, आजारी वडिलांना घेऊन चंडीगडला. तेव्हा हातात खंबीर नावाच्या आमच्या जाड रोट्यांचं गाठोडं होतं.

एकवीस तारखेला सकाळी उणे अठरा होतं. सव्वीस जानेवारी जवळ, म्हणून तपासणी कडक. त्याने नवा गोंचा घातला होता, कमरेला गुलाबी पट्टा. दिल्लीत कशाला, मी म्हटलं. तो म्हणाला, इथलाच माणूस हवाय ना त्यांना, मग दिसू दे. काउंटरवरच्या मुलीने लेन्स बघून विचारलं, अचो-ले, ही तोफ दिल्लीला कुणावर डागणार? तो खूश झाला.

पडद्याआडची माझी तपासणी लवकर उरकली. बाहेर आले तेव्हा तो टेबलापाशी होता. सगळं शिकवल्याप्रमाणे मांडलेलं. कॅमेरा एका ट्रेमध्ये, लेन्स दुसऱ्यात, बॅटऱ्यांची पिशवी वेगळी. टेबलाच्या पलीकडे पांडा नावाचे अधिकारी होते, ओडिशाचे, दोन टोप्या घातलेले. त्यांनी असं मांडलेलं सामान बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. जरा कौतुकानेच विचारलं, बॅटऱ्या किती?

“दोन,” गुरमेत अचो म्हणाला.

मग तो अंगझडतीच्या चौथऱ्यावर चढला. जवानाचं यंत्र त्याच्या छातीशी वाजलं. जवानाने गोंच्यात हात घातला आणि एकेक करून चार बॅटऱ्या बाहेर काढल्या.

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी बॅटऱ्या म्हणजे पिशवीतल्या. पहाटे उठल्यावर सतरा हिवाळ्यांच्या सवयीने चार आत गेल्या, आणि एकदा आत गेल्या की त्या सामान राहत नसत. हे मला कळत होतं. पांडासाहेबांना कसं कळावं?

“दोन म्हणालात.”

“ट्रेमध्ये दोन, साहेब.”

“आणि या?”

“या अंगावरच्या.”

पांडासाहेबांनी एक बॅटरी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. “गरम आहे ही.”

“गरमच हवी, साहेब. गार पडली की मरते.”

रांगेत कुणीतरी हसलं. पांडासाहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या नियमात गरम बॅटरी म्हणजे बिघडलेली बॅटरी. ती विमानात पेट घेते. आणि ही तर लपवलेली सापडली.

गुरमेत अचोने आपला तळहात छातीवर ठेवला. “मी गरम आहे, साहेब. म्हणून ती गरम आहे.”

त्यांनी खरंच त्याच्या मनगटाला हात लावून पाहिला. वाईट माणूस नव्हता तो. पण सव्वीस जानेवारी जवळ होती, आकडा चुकीचा सांगितलेला होता, आणि जाणकाराला बोलावून सहाही बॅटऱ्या तपासल्याशिवाय त्यांना सही करता येत नव्हती. जाणकार धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला होता. बॅटऱ्या गार व्हायला बाहेर सिमेंटवर ठेवल्या. काचेतून आम्हाला त्या दिसत होत्या. गुरमेत अचो एकटक त्यांच्याकडे बघत होता. मला म्हणाला, “मेल्या आता.”

विमानाची हाक झाली. पांडासाहेब म्हणाले, बॅटऱ्या सोडा, तुम्ही आणि कॅमेरा जाऊ शकता. मीही म्हटलं, चल, दिल्लीत कुणाची तरी मागू.

“याची कुणाकडे नाही, नोमो. माहितीये तुला.” मग म्हणाला, “मुका कॅमेरा घेऊन जायचं आणि सांगायचं मी कॅमेरामन. त्यापेक्षा तू जा. तुझी परीक्षा चुकेल.”

मी गेले. मागे वळून पाहिलं तर तो पट्टा पुन्हा बांधत होता.

दिल्लीत उतरल्यावर मी संस्थेत फोन केला. तिथल्या बाईंना सगळं जसं झालं तसं सांगितलं, नटवलं नाही. ‘मी गरम आहे, साहेब’पाशी त्या हसल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, ज्याला थंडीतली बॅटरी एवढी कळते, त्याला बघितल्याशिवाय आम्ही नाव ठरवणार नाही. चौदा फेब्रुवारीला या.

हे वाक्य त्याने माझ्याकडून फोनवर तीनदा वदवून घेतलं.

मी परतले तोवर गोष्ट लेहच्या बाजारभर झाली होती. ती त्यानेच सांगितली होती. नानवाई अब्बास काका रोट्या देताना त्याला म्हणाले, “गुरमेत, कागद कशाला? छातीशी धर, घरी जाईपर्यंत गरम राहतील.” तो म्हणाला, “रोट्या नको काका, यांगडोलला आधीच बॅटऱ्यांचा राग आहे.” त्या दिवशीच्या सहापैकी पाच बॅटऱ्या पुन्हा चालू झाल्या होत्या. पाच पुरतात, असं त्याचं म्हणणं.

पांडासाहेबांनी त्याला जाताना एक गोष्ट सांगितली होती. पुढच्या वेळी यादी आणा. प्रत्येक वस्तू, तिच्यावरचा क्रमांक, बॅटऱ्यांचा खरा आकडा, आणि तुम्ही कोण ते. दोन प्रती. ती यादी त्याने मनावर घेतली. दुसऱ्यांच्या कितीतरी याद्या त्याने फाटकावर धरल्या होत्या. स्वतःची कधी केली नव्हती. चार फेब्रुवारीला तो आमच्या स्वयंपाकघरात आला, वहीचा कागद घेऊन. मी टाइप करायची असं ठरलं होतं. सगळ्यात वर त्याने लिहिलं होतं: स्कर्मा गुरमेत, कॅमेरामन. तो शब्द गिरवून जाड केलेला होता. खाली कॅमेरा, त्याचा क्रमांक. बॅटऱ्या, पाच, आणि कंसात ‘अंगावर एकही नाही’. माझ्या आईने वाचून हसू दाबायला बाही तोंडाला लावली. त्याने स्वतः गंभीरपणे विचारलं, हे लिहावं ना?

मोठ्या लेन्सची ओळ राहिली होती. तिच्या पोटावरचा क्रमांक झिजला होता, इतकी वर्षं तळहात घासून. पाच आकडे वाचता येत होते, शेवटचे तीन येत नव्हते. उन्हात तिरकी धरली की दिसतील, तो म्हणाला. मी म्हटलं, तीन आकड्यांनी काय होतं, अंदाजाने लिही. तो म्हणाला, “परत आकडा चुकवू?”

पुढचे दोन दिवस ढग होते. सातला पहाटेपर्यंत बर्फ पडलं. सकाळी तो छतावरचं बर्फ ओढायला चढला. निम्मं ओढून झाल्यावर खाली आला, डोकं दुखतंय म्हणाला, आणि यांगडोल अचेने पाणी दिलं ते त्याच्या हातातून पडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव. संध्याकाळी चारला गेला.

मी अजून हे वाक्य लिहिते तेव्हा ते दुसऱ्या कुणाबद्दल वाटतं.

दिल्लीला मी तेराला, भेटीच्या आदल्या दिवशी कळवलं. त्या बाईंनी त्याचं पूर्ण नाव विचारलं, नीट, एकेक अक्षर. ती अकरा मिनिटं आम्ही वापरू, म्हणाल्या, आणि त्याच्या नावापुढे काय लिहायचं ते मला विचारलं. मी सांगितलं.

यादी माझ्याकडे आहे. आज ऊन चांगलं आहे, लेन्स खिडकीतच ठेवली आहे. लेन्सच्या ओळीत त्याच्या अक्षरात पाच आकडे आहेत, आणि पुढे तीन आकड्यांपुरती जागा सोडलेली आहे.