इरफानसाठी दिलेला जवळा

ऐका, पण हसू नका. म्हणजे हसालच तुम्ही! मला मात्र अजून अष्टमी गावातल्या आमच्या आळीतून मान वर करून चालवत नाही.

झालं काय, नदीपलीकडच्या रोह्याच्या आमच्या कॉलेजातून काही जणांची निवड झाली, त्यात मीही. पंधरा दिवस परदेशी राहायचं, खेड्यातली शाळा रंगवायची, पोरांना शिकवायचं. सेवेतून शिक्षण! आता परदेश म्हणजे नेपाळ, हे मी घरी सांगितलं. आळीत मात्र नुसतं ‘परदेशी चाललो’. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, यात मिरवायला काय उरतं, तुम्हीच सांगा?

आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात. परदेशी म्हटलं की लोक पुढचं विचारतच नाहीत. शेजारच्या कुलसुमचाची त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन हजर! त्यांचा इरफान दोहाला कंपनीत कामाला, दोन वर्षं घरी आलेला नाही.

“पोरा, एवढा सुका जवळा आन् लोणचं इरफानला देशील? आळीत तूच हुशार निघालास बघ.”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण त्या ‘हुशार’ने घात केला. म्हणालो, “द्या की चाची, त्यात काय!”

आईने आत ओढलं. “मेल्या, नेपाळात इरफान कुठनं आणनार हायस?”

“उद्या सांगतो गं.”

उद्या उजाडला आणि समोरच्या काकू मस्कतच्या जावयासाठी पोह्याचे पापड घेऊन आल्या. त्यांनाही मी हसून हो म्हटलं!

निघायच्या आधी सरांनी सगळ्यांच्या बॅगा वर्गात उघडायला लावल्या. माझी उघडली आणि जवळ्याचा वास पार ऑफिसपर्यंत गेला.

“हे काय रे?”

“सर, दोहाला द्यायचंय.”

पोरं हसून लोळली. सर हसले नाहीत. “ज्याचं आहे त्याला आजच परत कर,” एवढंच म्हणाले.

नदीच्या पुलावरून अष्टमीला परतलो ते थेट चाचींच्या दारात. चाचींना सगळं सांगितलं.

“म्हंजे तू दोहाला जात नायस? अरे, इरफान विमानतळावर येनार हाय! तो दिवस मोकळा मिळावा म्हनून सुट्टीच्या दिवशी शिफ्ट केलीन त्यानं.”

हे मला कुठे ठाऊक होतं हो? धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चाचींनी माझ्यासमोरच फोन लावला. स्पीकरवर इरफानने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “राहू दे, अम्मी. लोणचं तूच खा.”

मला रडूच फुटलं. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. “चुकलं माझं, चाची,” म्हणालो आणि पिशवी ठेवून काकूंचे पापड परत करायला वळलो.

चाचींनी डोळे पुसले आणि मागून हाक मारली.

“ऐक रे! नेपाळात तरी नीट सांग, अष्टमीतनं आलोय म्हनून. नायतर तिथं सांगशील, अमेरिकेतनं आलोय!”